जगतापबाईंची वही

(वाटूर येथील महिला वाचन गटाने सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)

ताई, माई, आक्का, आणि स्वयंपाक करता करता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याच जणींना वाटूरहून आमचा रामराम.

मागच्या महिन्यात आम्ही तिघी-चौघी फाट्यावर बसची वाट बघत उभ्या होतो. शेजारी बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "तुम्ही बाया बुधवारी दुपारी एकत्र बसून काय वाचता म्हणे? कोणती पोथी लावली?" आमच्यातली एक पटकन बोलून गेली, "अंतराळातील भस्मासुर!" मावशींनी लगेच हात जोडले. त्यांना वाटलं, हेही एखादं पुराणच असेल. बस आली, मावशी गेल्या, आणि खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. ते आज सांगतो.

आम्ही विज्ञानकथा वाचतो. म्हणजे उद्या काय होऊ शकेल, याच्या गोष्टी. 'अंतराळातील भस्मासुर' हे डॉ. जयंत नारळीकरांचं पुस्तक आहे. मावशी, तुम्ही ऐकत असाल तर तुमचा नमस्कार वाया गेला नाही. तो आम्ही नारळीकरांच्या नावावर जमा केला आहे.

आमची सुरुवात काही ठरवून झाली नाही. एका घरी जुन्या पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. त्यात पाककृती होत्या, एक पंचांग होतं, दोन-तीन जुने दिवाळी अंक होते आणि कव्हर निघालेलं 'यक्षांची देणगी' होतं. नावावरून वाटलं, परीकथा असतील. तुरीची डाळ निवडायला बसलो होतो. एकीने वाचायला घेतलं आणि बाकीच्या डाळ निवडत ऐकू लागल्या. त्या दिवशी डाळीत खडे जास्त राहिले, असं घरोघरी ऐकून घ्यावं लागलं. पण पुढच्या बुधवारी सगळ्या पुन्हा आल्या. आज आम्ही अकरा जणी आहोत. सगळ्यात मोठी बासष्ट वर्षांची आहे आणि तिला वाचता येत नाही. पण कोणत्या गोष्टीत कोण कुठं गेलं, हे तिच्याइतकं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता कुणी म्हणेल, सिंहासन बत्तिशीत पण बाहुल्या बोलतात, मग यात वेगळं काय? तर त्यासाठी लांब जायला नको. आपल्या मंठ्याच्या पुढं, बुलडाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. आपण लहानपणापासून ऐकलं, की तिथं लोणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूने त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे. ही झाली अद्भुतकथा. आणि शास्त्रज्ञ सांगतात, की फार पूर्वी आकाशातून एक प्रचंड उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. हे झालं विज्ञान. आता तिसरी गोष्ट धरा. तशीच एक उल्का उद्या पुन्हा येते आहे, असं एखाद्या शाळेतल्या पोरीला आधी कळलं, तर ती कुणाला सांगेल? आणि तिचं ऐकेल कोण? ही झाली विज्ञानकथा. खड्डा तोच आहे, पण प्रश्न नवा आहे.

तुम्हाला आठवत असेल, २०२० च्या जून महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. तेव्हा कोण काय काय बोललं! कुणी कोप म्हणालं, कुणी चमत्कार म्हणालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा कळलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगामुळे तसं झालं. खरं कारण कळलं म्हणून गंमत कमी झाली नाही. डोळ्याला न दिसणारा जीव अख्खं सरोवर रंगवतो, हे काय कमी नवल आहे?

आता आमच्या आवडत्या हकिगतीकडं येतो, कारण आमच्या सगळ्या थट्टा तिथूनच निघाल्या.

मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेते. १९७४ साली या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मग कळलं, की हे जगताप म्हणजे दुसरं-तिसरं कुणी नसून जयंत विष्णू नारळीकर आहेत. नाव कसं तयार केलं बघा. ज, वि, ना ही आपली अक्षरं त्यांनी उलटी केली. ना, वि, ज. झाले नारायण विनायक जगताप! तेव्हा ते जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये, कथा चांगली असेल तरच द्यावं, म्हणून हा खटाटोप. ती कथा लिहायला त्यांनी सुरुवात केली, तीही एका परिषदेत कंटाळवाणं भाषण ऐकता ऐकता. तेव्हा आमचं भाषण कंटाळवाणं वाटलं तर बायांनो, उठू नका, वही घ्या!

पण आम्हाला खरी भावली ती पुढची गोष्ट. नारळीकरांचं अक्षर परीक्षक ओळखतील, अशी भीती होती. म्हणून ती कथा स्पर्धेसाठी आपल्या अक्षरात उतरवून दिली त्यांच्या पत्नीने, मंगलाताईंनी. आता या मंगलाताई काही नुसत्या लिहून देणाऱ्या नव्हत्या. त्या स्वतः गणितज्ञ. लग्न, मुली, घर हे सगळं सांभाळून त्यांनी पुढं गणितात डॉक्टरेट मिळवली आणि गणित सोपं करून सांगणारी पुस्तकं लिहिली. आपल्या पोरांच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, त्यावरून २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता. त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगलाताईच होत्या. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. दोन्ही वेळा आमच्या बुधवारी कुणी डाळ निवडली नाही.

तर तेव्हापासून आमच्यात 'जगताप' हा शब्द रूढ झाला. नाव न सांगता कुणी काही केलं, की ते जगतापांनी केलं. डब्यातला लाडू कुणी खाल्ला? जगतापांनी. असे आमचे आणखी शब्द आहेत. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची कथा आहे, त्यात डाव्याचं उजवं होतं. म्हणून कुणी घाईत पोलकं उलटं घालून आली, की आम्ही म्हणतो, "आज उजव्या सोंडेची आली." आणि कुणी हातातलं काम सोडून 'असं झालं असतं तर' करत बसली, की "हिचे गंगाधरपंत झाले."

हे गंगाधरपंत कोण, तेही सांगतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथं १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकलेले असतात. का जिंकलेले? तर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून गेलेली असते. एवढासाच फरक, आणि पुढचा सगळा इतिहास बदललेला. या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. ही कथा वाचली, त्या दिवशी आम्ही खूप वेळ गप्प होतो. मग एकीने विचारलं, "आपलं पानिपत कोणतं?" कुणी म्हणालं, नववीत शाळा सुटली ते. कुणी म्हणालं, त्या साली पाऊस आला असता तर ते. कुणी काहीच म्हणालं नाही. विज्ञानकथा पोरकट असते म्हणणाऱ्यांनी त्या दुपारी आमच्यात येऊन बसायला हवं होतं.

दुर्गाबाई भागवतांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या या नव्या वाटेची दखल घेतली होती. लोककथा, लोकजीवन यांचा एवढा अभ्यास केलेल्या बाईंना उद्याच्या गोष्टींचंही मोल कळलं. शुभदा गोगटे यांनी खंडाळ्याच्या घाटातल्या रेल्वेवर कादंबरी लिहिली, तशीच 'यंत्रायणी' ही विज्ञान कादंबरीही लिहिली. म्हणजे ही वाट काही फक्त पुरुषांची नाही.

खरं तर आपल्या देशात ही वाट एका बाईनेच फार आधी चालून दाखवली आहे. बंगालमधल्या रोकेया सखावत हुसेन. घरात पडदा कडक. थोरल्या भावाने रात्री सगळे झोपल्यावर त्यांना इंग्रजी शिकवलं. १९०५ साली त्यांची 'सुलतानाचं स्वप्न' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात छापून आली, आणि ते मासिक होतं बायकांचं. या कथेतल्या देशात पुरुष घरात पडद्यात असतात आणि बायका राज्य चालवतात. तिथल्या विदुषी ढगांतून थेट पाणी काढून घेतात आणि सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात. १२० वर्षांपूर्वी! मराठवाड्यातल्या बाईला ढगातून पाणी काढायची गोष्ट ऐकवा, मग बघा ती कशी कान टवकारते. रोकेया नुसतं स्वप्न लिहून थांबल्या नाहीत. नवरा वारल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली, घरोघर जाऊन मुली मागितल्या. १९११ मध्ये कोलकात्यात ही शाळा सुरू झाली तेव्हा मुली होत्या आठ. आम्ही अकरा आहोत, म्हणजे बरं चाललंय आमचं!

आम्हाला आधी वाटायचं, गोष्टींवरून अशा थट्टा करणाऱ्या, वही काढणाऱ्या आम्हीच खुळ्या. पण असे खुळे जगभर आहेत. १९२६ साली अमेरिकेत विज्ञानकथांचं एक मासिक निघालं, 'अमेझिंग स्टोरीज'. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापत. झालं! वाचक एकमेकांनाच पत्रं लिहू लागले. मग मंडळं निघाली. १९३० मध्ये शिकागोच्या एका मंडळाने स्वतःचं छोटं पत्रक काढलं, त्याचं नाव 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू. पुढं अशी पत्रकं शेकड्यांनी निघाली. कुणी हाताने लिहिली, कुणी सायक्लोस्टाईल केली. शाई हाताला, कागद स्वयंपाकघरात. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक' या टीव्हीवरच्या मालिकेसाठी असा पहिला अंक काढला तो बायकांनीच. मालिका बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा पत्रं पाठवायची मोहीम उभी करण्यातही एक बाई पुढं होती. ढिगाने पत्रं गेली आणि मालिका आणखी एक वर्ष चालली.

त्यांच्या थट्टाही आमच्यासारख्याच. एकाने लोकसंगीतावर लेख लिहिला. इंग्रजीत लोकसंगीताला 'फोक' म्हणतात, त्याच्या हातून 'फिल्क' लिहिलं गेलं. लोकांना चूक एवढी आवडली, की विज्ञानकथांवर रचलेल्या गाण्यांना आजही 'फिल्क'च म्हणतात. हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. कारण आमच्या वहीवर आठवीतल्या एका पोरीने 'विज्ञानकथा'च्या ऐवजी 'विज्ञानखता' लिहून ठेवलंय. तेव्हापासून बुधवारी निघताना आम्ही घरी सांगतो, "खत टाकून येते."

आता त्या वहीबद्दल. हे सांगायचं की नाही, यावर आमच्यात दोन बुधवार चर्चा झाली. शेवटी ठरलं, सांगायचं.

वाचता वाचता आम्हाला लिहावंसं वाटू लागलं. शाळेत हस्तलिखित असायचं, तसं आपलं काढू म्हटलं. दोनशे पानी वही आणली. नियम एकच, की कुणीही नाव लिहायचं नाही. प्रत्येक गोष्टीखाली 'जगतापबाई' एवढंच. वही या घरून त्या घरी फिरायची. कुणी बोलणाऱ्या विहिरीवर लिहिलं, कुणी मंगळावर मोसंबी लावली आणि तिथंही भाव पडला.

एका जगतापबाईंनी 'घामाचं मीटर' नावाची गोष्ट लिहिली. विजेचं मीटर असतं तसं घराच्या दारावर एक मीटर बसवलंय. रात्री त्यावर आकडे येतात. आज घरातलं कोण किती चाललं, कुणी किती वजन उचललं, कोण किती वेळ बसलं. आकडे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात. पहिल्या रात्री घरातले लोक म्हणतात, मीटर बिघडलंय. दुसऱ्या रात्री त्यावर फडकं टाकतात. तिसऱ्या रात्री ते फडकंही धुवायला त्या बाईलाच टाकतात, आणि मीटर तेवढा आकडा वाढवतं. गोष्ट इथंच संपते. आम्ही हसून हसून बेजार झालो, आणि मग डोळे पुसले.

पण त्या गोष्टीतल्या घराला तीन पायऱ्या होत्या, दारात कडुनिंब होता आणि बशीत ओतून फुर्रकन चहा पिणारे आजोबा होते. वही फिरत फिरत एका घरात गेली. तिथं कुणीतरी अक्षर ओळखलं, पायऱ्या मोजल्या, आणि ज्या घराची गोष्ट होती त्या घरी बातमी पोचली. "घरातली धुणी रस्त्यावर वाळत घालायला जातीस का तिथं?" असं तिला विचारलं गेलं. तिचं येणं बंद झालं. वहीही परत यायला महिना लागला.

मैत्रिणींनो, चूक आमची होती. मंगलाताईंनी दुसऱ्या अक्षरात कथा उतरवून दिली, ही हकिगत आम्ही दहा वेळा सांगून हसलो होतो. पण ती गंमत नाही, ती काळजी आहे, हे आमच्या लक्षात आलं नाही. नारळीकरांना नाव लपवायचं होतं ते निवाडा निर्मळ व्हावा म्हणून. बक्षीस मिळाल्यावर त्यांना आपलं नाव सांगता आलं. आमच्या मैत्रिणीला नाव लपवायचं होतं ते घरात राहायचं होतं म्हणून. दोन्हीला आम्ही एकच शब्द वापरला आणि एकच समजलो.

तीन महिने तिची जागा आम्ही मोकळी ठेवली. तिच्या घरी जाऊन भांडायचं नाही, हे मोठ्या बाईंनी बजावलं होतं. त्या म्हणाल्या, "गोष्टीनं दार लागलं, गोष्टीनंच उघडंल. थांबा." आम्ही थांबलो. मग एका बुधवारी तिच्या सासूबाई आल्या. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. त्या बसल्या, पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "ते मीटरचं काय लिहिलंय, ते मला वाचून दाखवा. मला घरात कुणी धड सांगंना."

आम्ही वाचलं. वाचणारीचा आवाज थरथरत होता. फडक्याच्या जागी त्या हसल्या नाहीत. गोष्ट संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे मीटर चाळीस वर्षांमागं असतं, तर माझा आकडा किती आला असता?"

आमच्यातल्या पोरीने खरंच हिशेब मांडला. लांबच्या विहिरीच्या खेपा, जळणाचे भारे, कापूस वेचायचे दिवस. त्या सांगत गेल्या, ती लिहीत गेली. चार पानं भरली तरी हिशेब संपला नाही. पुढच्या बुधवारी सासू-सून दोघी आल्या. सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. बशीत चहा पिणारे आजोबा अजून आमच्याशी बोलत नाहीत. पण दुपारची खेप आता घरातल्या मोठ्या नातवाकडं आहे, एवढं मात्र त्या घरात बदललं.

आता आम्ही नियम बदलला आहे. गोष्ट कुणाचीही असो, वहीत उतरवते एकच जण. त्या कामाला आम्ही 'मंगलाताईंचं काम' म्हणतो आणि ते दर महिन्याला पाळीने येतं. गावाची, घराची खूण राहिली असेल तर लिहिणारीला विचारून बदलतो. आणि जिला नाव लावायचं असेल, तिने खुशाल लावावं. अजून कुणी लावलेलं नाही. लावलं नाही तरी हरकत नाही. गोष्टी थांबल्या नाहीत, हे महत्त्वाचं.

शेवटी एवढंच सांगतो. आपल्या भागात बाईला उद्याबद्दल विचारतात ते तीनच प्रश्न. उद्या भाजी काय, पाणी कधी येणार, आणि पोरीचं कधी करता? चौथा प्रश्न आपला आपण विचारायचा. 'असं झालं तर?' त्याला पैसे लागत नाहीत. वाचता येत नसेल तर सांगता येतं. तुम्ही सांगा, घरातल्या पोरीला लिहू द्या. गावातल्या शाळेत, ग्रंथालयात नारळीकर मिळतील, लक्ष्मण लोंढे मिळतील, बाळ फोंडके मिळतील. पाच जणी जमवा, डाळ बरोबर घ्या, एकीने वाचा.

आणि तुमची गोष्ट रेडिओ केंद्रावर पाठवा. पुढच्या महिन्यात आम्ही त्या इथं वाचून दाखवणार आहोत. नाव द्यायचं नसेल तर खाली 'जगतापबाई' लिहा. अक्षर आम्ही बदलून घेऊ.

येतो आता. खत टाकायची वेळ झाली. रामराम.